आर्चीच्या गाण्याचं तिसरं कडवं

हॅरोबर्न, ३ एप्रिल

निनू,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी रागवून घेते.

तुमच्या 'उताराच्या रखवालदारां'चं पत्रक काल माझ्या दारातून आत पडलं. वर आपल्या लंबू आर्चीचं चित्र. सोनेरी केस, भरदार दंड, जणू शाम्पूच्या जाहिरातीतून उठून थेट लढाईला आला असावा. सातशे वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ज्यानं राजाच्या फौजेला अडवलं, त्याला अंघोळ तरी कधी मिळाली असेल का, हा प्रश्न चित्रकाराला पडला नाही. खाली लिहिलंय, 'आर्चीची भूमी, आर्चीच्या रक्ताची.'

नाव कोणाचंच नाही, पण मजकूर तुझा आहे. 'तथापि' हा शब्द एका पानात पाच वेळा वापरणारा सबंध स्कॉटलंडमध्ये एकच माणूस आहे, आणि त्याला मी जन्म दिलाय. तुझी सहावीची निबंधाची वही तपासतानाही मी तेच 'तथापि' खोडत होते.

निनू, पत्रकाच्या मागे तू आर्चीचं गाणं छापलंयस. दोनच कडवी. तिसरं कुठे गेलं? मी तीस वर्षं या गावातल्या पोरांना इतिहास शिकवला, आणि ज्याला दुसरं काही आलं नाही त्यालाही ते कडवं येतं. तुला तर बोलायला लागलास तेव्हापासून येतं. जागा नव्हती म्हणू नकोस. तिथे तुम्ही स्कॉटलंडच्या काटेरी फुलाचं एवढं मोठं चित्र छापलंय.

बावीस जूनला तुमचा मोर्चा नदीकाठच्या आर्चीच्या दगडापर्यंत येणार आणि 'स्थानिक वक्ता' भाषण करणार, असंही लिहिलंय. तो वक्ता कोण, ते मी विचारत नाही.

तू घर सोडून डंडीला गेलास त्याला आता दोन वर्षं होतील. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र वाचताना मध्येच कापता येत नाही.

बाकी इकडे बरं आहे. गुडघा बरा आहे. परसात बटाटे लावले. बस डेपोतले रिफो येतात अधूनमधून मदतीला.

आशीर्वाद आहेतच.

आई


हॅरोबर्न, २८ एप्रिल

निनू,

दोन वर्षांनी तुझा निरोप आला, तोही मोबाइलवर, सहा शब्दांचा. 'त्या माणसाशी तुझं नक्की काय आहे?' तुझ्या मावसबहिणीच्या पोटात काही राहत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

बरं, मग ऐक. बटाटे काही एवढे नव्हते लावायचे.

ओस्वाल्दो रिफोला तू लहानपणापासून ओळखतोस. तुझ्या शाळेची बस रस्त्यात बंद पडली की जो माणूस बसखाली झोपून शिट्टी वाजवायचा, तोच तो. तरुणपणी चिलीतून जीव घेऊन पळाला आणि या गावात उतरला. तुझे बाबा जाऊन आठ वर्षं झाली, त्याची बायको त्याच्याही आधी गेली. गेल्या हिवाळ्यात माझं बॉयलर बंद पडलं. तो आला, दुरुस्त केलं, आणि मग चहाला थांबला. तो अजून थांबलेलाच आहे म्हण ना.

मागच्या रविवारी मी परसात रुबार्ब कापत होते. चिखलाचे बूट, डोक्याला फडकं. तो म्हणाला, "एल्स्पेथ, आपण लग्न करू या का?"

मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?"

"हो. पण आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळही आहे."

मी इतकी हसले की सुरी हातातून पडली. हो म्हणायला विसरलेच. संध्याकाळी त्यानं भीतभीत फोन केला, "ते हसणं म्हणजे हो होतं की नाही?"

आता तारीख. तुला वाटेल मी मुद्दाम केलं. नाही केलं. नगरपालिकेचं सभागृह जूनभर भरलेलं होतं, फक्त बावीस तारीख मोकळी झाली, कारण ज्यांनी घेतली होती ती मंडळी तुमच्या मोर्च्याला घाबरून दुसरीकडे गेली. म्हणजे आमच्या लग्नाला हॉल तुमच्यामुळे मिळाला. ओस्वाल्दो म्हणतो, रखवालदारांना आभाराचं पत्र पाठवू. मी नको म्हटलं.

तुला राग येणार. येऊ दे. पण एक सांगते. गिरणी बंद पडली, मग तुझं आणि रोनाचं मोडलं, आणि त्या हिवाळ्यात तुला या गावातल्या कोणी हाक मारली नाही. त्या लोकांनी मारली. जाकीट दिलं, काम दिलं, 'तू आर्चीचा वंशज' म्हणाले. बुडत्या माणसाला असं कोणी म्हटलं तर त्याला काय वाटत असेल, ते मला कळतं. ते म्हणतात ते मात्र मला पटत नाही, आणि तुलाही पटत नसावं. पटलं असतं तर तिसरं कडवं कापायची गरज पडली नसती.

आई


हॅरोबर्न, १० जून

निनू,

हे पत्र छोटं आहे. केक करणारी बाई यायची आहे.

शुक्रवारी सकाळी ओस्वाल्दोच्या दारावर काळ्या रंगात लिहिलेलं सापडलं, 'घरी जा.' मी पोचले तेव्हा तो ब्रश घेऊन उभा होता. मला वाटलं पुसतोय. त्यानं खाली लिहिलं होतं, 'आलोच आहे. रंग छान आहे, कुठून घेतला?' शेजारच्या मिसेस पर्डी हसून हसून कुंपणाला टेकल्या. दुपारपर्यंत तो मजकूर बघायला अर्धं गाव येऊन गेलं.

तू लिहिलं नाहीस, हे मला माहीत आहे. तुझं शुद्धलेखन इतकं बरं नाही.

पण हसण्याच्या मागचंही सांगते, कारण तुला ते दिसत नाही. त्या दिवसापासून ओस्वाल्दो दाराची कडी दोनदोनदा बघतो. मला वाटतं त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. तो तरुण होता तेव्हा त्याच्या भावाला सैनिकांनी ट्रकमध्ये घातलं, आणि तो परत आला नाही. त्या सैनिकांचीही गाणी होती म्हणे, आणि देशाच्या थोर पूर्वजांवर भाषणं होती. त्यांची अर्धी कडवी कोणी कापली होती, कोण जाणे.

बावीसला सभागृहात अकरा वाजता सह्या, मग आम्ही सगळे चालत पुलावरून नदीपलीकडच्या मैदानात, तंबूत जेवण आणि नाच. म्हणजे आर्चीच्या दगडावरूनच वाट आहे. तुमचा मोर्चाही तिथेच. पूल केवढा आहे ते तुला ठाऊक आहे. दोन मेंढ्या शेजारून गेल्या तर एकीला माफी मागावी लागते.

पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवते. दगडावर चढून भाषण करायचं की त्या खुर्चीत बसायचं, ते तूच ठरव. दोन्ही एका दिवशी जमायचं नाही.

आई


हॅरोबर्न, २४ जून

निनू,

तू दगडावर नव्हतास आणि खुर्चीतही नव्हतास. कुठे होतास, मला माहीत नाही. म्हणून सगळं लिहिते. तुला कळायलाच हवं.

ऊन पडलं होतं! हॅरोबर्नमध्ये, जूनमध्ये, आणि तेही शनिवारी. मी निळा पोशाख केला होता. ओस्वाल्दोनं किल्ट घातला होता, डेपोतल्या मित्रांनी निवृत्तीला दिलेला, आणि खिशात त्याच्या देशाचा पांढरा रुमाल. सह्या करताना त्यानं इतकी घाई केली की निबंधक बाई म्हणाल्या, "सावकाश, बस सुटत नाहीये."

आम्ही बाहेर पडलो तर रस्त्याच्या वरच्या टोकाला तुमचे लोक रांगा लावत होते. चाळीसेक असतील. काळी जाकिटं, झेंडे, आणि सगळ्यांत पुढे बॅगपाइप घेऊन कोण असावं? ड्यूगल्ड मॅकविटी! जंगलखात्यातला तो दांडगा. माझ्याकडे इतिहासात तीनदा नापास झालेला. त्यानं मला बघितलं आणि फुगवलेली पिशवी हळूहळू फुस्स झाली.

"बाई, तुमचं लग्न आहे?"

"दिसत नाही का? आणि तू काय करतोयस यांच्यात?"

"आई शप्पथ बाई, मला वाटलं फुटबॉलवाले आहेत. फोनवर 'रखवालदार' म्हणाले. मला वाटलं गोलकीपरांची संघटना असेल."

असं म्हणून तो रांगेतून बाहेर आला, आमच्या पुढे येऊन उभा राहिला, पिशवी फुगवली आणि वरातीची धून सुरू केली. मागून त्यांचा म्होरक्या ओरडला, "ए, तुला आम्ही बोलावलंय!" तर हा पाइप तोंडातून न काढता पुढे चालू लागला. पाइपवाला चालला म्हणून झेंडेवालेही सवयीनं चालू लागले. आता चित्र डोळ्यांपुढे आण. पुढे ड्यूगल्ड, मागे आम्ही दोघं, मागे दीडशे पाहुणे, आणि त्यांच्या मागे चाळीस रखवालदार माझ्या वरातीत.

पुलावर सगळं गुंतलं. एका रखवालदाराच्या झेंड्याच्या काठीत मिसेस पर्डींची टोपी अडकली. तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत ती सोडवत बसला. त्या म्हणाल्या, "अरे पोरा, एवढे मोठे झेंडे कशाला बाळगायचे, हात दुखतात." पलीकडे पोचेपर्यंत कोण कोणाच्यात आहे ते कळेना.

म्होरक्या दगडावर चढला. इंग्लंडच्या दक्षिण टोकाचा माणूस तो. गावाचं नावही नीट म्हणता येईना, 'हॅरोबोर्न' म्हणाला. पोस्टमन ओरडला, "ते कुठे आलं?" आणि मग त्यानं खिशातून कागद काढून तुझं भाषण वाचायला घेतलं. पहिल्या 'तथापि'ला मी ओळखलं. निनू, तुझी वाक्यं मला त्या तोंडातून ऐकावी लागली. चांगली वाक्यं होती रे. नदीबद्दलचं, पहाटेच्या धुक्याबद्दलचं. ती तुझ्या बाबांची होती, तुला खांद्यावर घेऊन उतार दाखवताना म्हणायचे ती. आणि त्यांच्या मधोमध 'परक्यांना बाहेर काढा', जणू दुसऱ्या कोणी येऊन ठिगळ लावावं.

मग त्यानं गाणं सुरू केलं. त्याच्या लोकांनी धरलं, आणि गावानंही धरलं. आर्चीचं गाणं सुरू झालं की हॅरोबर्नचा माणूस गप्प बसू शकत नाही, समोर कोण का असेना. दोन कडवी झाली. ते थांबले. आम्ही नाही थांबलो.

एक रंगारी फ्लँडर्सवाला, एक आयरिश वीणावाला,
एक इंग्रज पळून आला, वहाणेवाचून पायाला;
आर्ची म्हणे, या पाण्यात, खांद्याला खांदा लावा;
गाव आपापला, वाचलो तर, रात्री मला सांगावा.

दीडशे माणसं, आणि ड्यूगल्डचे पाइप. नापास झालेला ड्यूगल्ड! म्होरक्या लाल झाला. "हे गाण्यात नाही!" तो ओरडला.

"आहे," मी म्हटलं. "आणि त्या अनवाणी इंग्रजाला आर्चीनं जागा दिली, म्हणून तुम्हालाही आज इथे कोणी ढकललं नाही."

ते हसू नदीपलीकडे पोचलं असेल.

तेवढ्यात मागून एक बाटली आली. दगडावर फुटली आणि एक काच ओस्वाल्दोच्या भुवईला लागली. सगळं गार झालं. रक्त गालावरून कॉलरवर आलं. आपली पोरं पुढे सरसावली. मला वाटलं आता मारामारी होणार, आणि माझ्या लग्नाचा दिवस सगळ्यांना त्याच कारणासाठी लक्षात राहणार. ओस्वाल्दोनं हात वर केला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याचा दंड धरला होता. पण तो म्हणाला, "थांबा. मी आज नवरदेव आहे. आज मी सांगेन ते ऐकायचं. मला भूक लागलीय."

नर्स आयोनानं तिथेच पट्टी लावली. पोलिसांनी बाटलीवाल्याला शोधायला सुरुवात केली, तर तुमचे लोक भराभर बसकडे निघाले. सगळे नाही. ज्यानं टोपी सोडवली होती तो आणि आणखी तिघं तिथेच घोटाळत राहिले. तंबूतून ओस्वाल्दोच्या भाचीनं तळलेल्या खिम्याच्या करंज्यांचा वास येत होता. शेवटी त्या टोपीवाल्यानं विचारलं, "यात तिखट असतं का?" मिसेस पर्डींनी त्याच्या हातात दोन ठेवल्या. त्यानं जाकीट काढून उलटं घडी केलं आणि बाकाखाली ठेवलं. तिथेच विसरून गेला. ते अजून माझ्याकडे आहे.

मग नाच! ओस्वाल्दोनं रुमाल काढून त्याच्या देशाचा नाच शिकवला. आपल्या गावच्या बायकांनी रुमाल नव्हते म्हणून टेबलावरचे नॅपकिन घेतले. पोस्टमन दोनदा पडला. माझा गुडघा दुखतोय हे मला रविवारी सकाळी आठवलं. मी इतकी आनंदात होते, निनू, इतकी, की मला तुझा राग यायला लागला, कारण मध्येच माझी नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे जायची.

आई


डंडी, १ जुलै

आई,

मी होतो.

बसमधून सगळ्यांबरोबर आलो. गावाच्या वेशीवर म्हटलं, लघवीला जातो. उतरलो आणि कुंपणावरून उडी मारून विटलॉच्या टेकडीवर चढलो. भाषणाचा कागद बसमध्येच राहिला. खालचं सगळं दिसत होतं. निळा रंग तुला शोभतो.

तुम्ही तिसरं कडवं म्हटलंत तेव्हा मीही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मेंढ्यांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. ते कडवं कापायला मला कोणी सांगितलं नव्हतं, आई. मीच कापलं. ते राहिलं असतं तर बाकीचं काही लिहिता आलं नसतं.

बाटली फेकताना मी बघितलं. तो क्रेग होता, आम्ही एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी धावत खाली आलो, दगडी भिंतीपर्यंत. तिथून पुढे पाय उचलला नाही. तुम्ही नाचायला लागलात तेव्हा परत वर गेलो.

गेल्या सोमवारी पोलिसांना क्रेगचं नाव दिलं. आता फोनवर जे निरोप येतात ते तुला सांगण्यासारखे नाहीत. दारावरही लिहून गेलेत. मला त्याखाली लिहायला काही सुचलं नाही. फ्लॅट सोडावा लागेल. मी काही मागत नाहीये, फक्त तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

त्यांची जखम कशी आहे, ते विचार. रिफोंची. ओस्वाल्दोंची.

निनियन


हॅरोबर्न, ४ जुलै

निनू,

'मी काही मागत नाहीये' म्हणे. गाढवा, शनिवारच्या बसनं ये. सामान फार असेल तर कळव, ड्यूगल्ड त्याची गाडी घेऊन येईल. त्याला आता कुठेही न विचारता पाठवलं तरी चालतं, तो आधी 'फुटबॉलवाले आहेत का' एवढं विचारतो.

गावात सगळे तुझ्याशी लगेच गोड बोलतील असं समजू नकोस. मिसेस पर्डी बोलतील, पण आधी चांगल्या तासभर सुनावतील. ऐकून घे. पोस्टमन बहुधा वर्षभर नुसती मान हलवेल. ते तुला सोसावं लागेल, आणि तू सोसशील. माझंही सुनावणं बाकी आहे, ते मी जेवण झाल्यावर करणार आहे.

तुझं पत्र मी ओस्वाल्दोला वाचून दाखवलं. मेंढ्यांपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना, म्हणून उरलेलं त्यानं वाचलं. आता त्याला खाली जागा हवी आहे म्हणतो.

आई

निनियन, मी ओस्वाल्दो. तुझ्या आईनं चार ओळींची जागा दिलीय आणि मागे उभी राहून वाचतेय. जखम बरी आहे. भुवईला खूण राहील, फोटोत रुबाबदार दिसते.

मीही एकदा सगळं टाकून या गावात आलो होतो. ज्यांना सोडलं ते चांगले लोक होते, तुझे तसे नाहीत. पण संध्याकाळी घड्याळ बघितल्यावर जे रिकामं वाटतं ते सारखंच असतं. पहिले काही महिने हाताला काम लागतं. सोमवारी मला छताच्या पन्हळी साफ करायच्या आहेत. खाली शिडी धरायला माणूस हवा. माझ्याशी बोलायची काही सक्ती नाही. तुझी आई शिडी धरते, पण धरताना बोलत राहते.